मदत हवी आहे: 'द पेरिल्स ऑफ पॉलीन'मधील पर्ल व्हाइट कितपत खरी?

विभावरी_के: येत्या शनिवारी आमच्या चित्रपट मंडळात हा चित्रपट दाखवायचा असून त्याआधी थोडे बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. नायिका पर्ल व्हाइट ही मूकपटांतली खरीखुरी अभिनेत्री; तिच्या आयुष्यातले कोणते प्रसंग खरोखर घडले आणि कोणते पटकथेसाठी रचले, हे कोठेच नीट मिळत नाही. कृपया लवकर सांगावे.

जुनी_रिळे: नेमका कोणता चित्रपट? या नावाची पर्लचीच 1914 ची मूक चित्रमालिका आहे, तिच्या आयुष्यावरचा 1947 चा संगीतपट आहे आणि 1967 चाही एक चित्रपट आहे.

तंत्रवेडा: 1947 चा असल्यास आधी प्रत तपासून घ्या. अमेरिकेत त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण न झाल्याने बाजारात कोणीही काढलेल्या प्रती आल्या आणि त्यांतल्या अनेकींत टेक्निकलरचे रंग पार विटलेले असतात.

विभावरी_के: बेटी हटनने पर्ल साकारलेला, 1947 चाच. प्रत मिळालेली आहे, प्रश्न तो नाही. नायक मायकेल फॅरिंग्टन खरा होता का, एवढे तरी सांगा.

जुनी_रिळे: नव्हता. पर्लचे दोन विवाह झाले, व्हिक्टर सदरलंड आणि वॉलेस मकचन या अभिनेत्यांशी, आणि दोन्ही मोडले. 1924 मध्ये फ्रान्समध्ये शेवटचा चित्रपट करून ती तिथेच राहिली आणि पन्नाशी गाठण्याआधीच, 1938 मध्ये वारली. साहसदृश्यांतून जडलेले पाठीचे दुखणे आणि वाढत गेलेले मद्यपान यांचे खरे चित्र या संगीतपटात नाही, आणि मला ते फार खटकते.

गानरसिक: संगीतपटाकडे चरित्र मागणेच मला पटत नाही. यातल्या, फ्रँक लेसरने रचलेल्या 'आय विश आय डिडन्ट लव्ह यू सो' या गीताला ऑस्करचे नामांकन होते; बोलायचे तर त्यावर बोला.

जुनी_रिळे: त्यांनी खरेखोटे विचारले आहे, गाणी नव्हेत. विभावरीताई, प्रेक्षकांना पॉल पँझर आवर्जून दाखवा. 1914 च्या मालिकेत पर्लने साकारलेल्या पॉलीनच्या जिवावर उठलेला खलनायक त्यानेच रंगवला होता आणि 33 वर्षांनी इथे तो छोट्याशा भूमिकेत आहे. चेस्टर कॉन्क्लिन आणि हँक मान हे मूकपटांतले विनोदी नटही दिसतात.

विभावरी_के: हे उपयोगी पडेल. आणि फुग्यातून वाहत जाण्याचा प्रसंग?

जुनी_रिळे: तो मूळ मालिकेच्या पहिल्याच भागातला आहे. वीस भागांची पूर्ण मालिका आज नाही, परंतु युरोपसाठी केलेली नऊ भागांची आवृत्ती टिकली असून तीत हे दृश्य आहे. जमल्यास संगीतपटाआधी तेवढे दाखवा.