‘बदलापूर’ कुणी उचलून धरला: राघवननं की नवाजुद्दीननं?

लातूरकर:
बायको-पोरगं मारलं, नायक पेटला, शेवटी हिशेब चुकता. २०१५ च्या ‘बदलापूर’ या हिंदी सिनेमाचा सांगाडा एवढाच आहे. तरी तो माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्याचं श्रेय मी दिग्दर्शक श्रीराम राघवन यांना देतो. (पुढं शेवट उघड केलाय, पाहिला नसेल त्यांनी इथंच थांबावं.)

पहिलाच प्रसंग घ्या. कॅमेरा रस्त्यापलीकडं एका जागी उभा. माणसं येतायत, गाड्या जातायत, कुणाकडं बघायचं तेच कळत नाही. तेवढ्यात बँकेतून दरोडेखोर बाहेर पडतात. अनर्थ रोजच्या वर्दळीत घडतो म्हणून तो जास्त अंगावर येतो.

मग मधली पंधरा वर्षं. दरोडेखोर लायक (नवाजुद्दीन सिद्दीकी) तुरुंगात, त्या दरोड्यात बायको-पोरगं गमावलेला रघू बदलापुरात. आपल्याकडं बांधावरून पेटलेली भांडणं कोर्टाच्या तारखांवर वर्षानुवर्षं चालतात. त्यात जिरलेली माणसं ज्यांनी पाहिलीत त्यांना रघू लगेच ओळखू येईल. हे थांबून राहणं राघवननं दाखवलंय, नुसता सूड नाही.

परभणीकर:
दादा, मांडणी झकास आहे, पण श्रेय चुकीच्या माणसाला द्यायलात. लायक खुनी, खोटारडा, आणि तोच रघूनं केलेले खून शेवटी स्वतःच्या अंगावर घेतो. एवढा बदल कुठून आला? कॅन्सर झाला म्हणून? पटकथेत ही फट तशीच राहिलीय आणि पटकथेत राघवनचाही हात आहे. ती बुजवली नवाजुद्दीननं.

लातूरकर:
नवाजला जागा कुणी करून दिली मग? रघूसाठी वरुण धवन निवडणं हीच मोठी चाल आहे. तोवर नाचणारा, हसवणारा गोड पोरगा. त्या चेहऱ्यावर आपला आधीच जीव असतो, म्हणून तो लायकचा दरोड्यातला साथीदार हरमन याच्या घरात शिरतो तेव्हा आपलीच पंचाईत होते.

अंबाजोगाईची प्रेक्षक:
त्या घरातल्या कांचनबद्दल, हरमनच्या बायकोबद्दल, कुणीच बोलंना. राधिका आपटेनं तिची भीती इतकी खरी केलीय की मला तो प्रसंग बघवला नाही. दरोड्यात तिचा काही हात नव्हता. लायकची प्रेयसी झिमली, तिचंही तेच, गुन्हा लायकचा आणि किंमत तिनं मोजायची. दिग्दर्शन सफाईदार असलं की आपण असल्या गोष्टी पोटात घालतो. मी नाही घालत.

परभणीकर:
ताई, पण सिनेमा रघूला माफ करत नाही, एवढं तरी माना.

अंबाजोगाईची प्रेक्षक:
मानते. पण शेवटाकडं जीव कुणासाठी तुटतो? लायकसाठी. कांचनचा खून त्याच्या त्यागाचं निमित्त होऊन जातो, तिच्यासाठी कुणी रडत नाही. हा दोष नटांचा नाही, दिग्दर्शकाचा आहे.

नाट्यशास्त्र विभाग, संभाजीनगर:
मी अभिनय शिकतोय, तेवढ्यापुरतं बोलतो. नवाज एनएसडीत (राष्ट्रीय नाट्य विद्यालयात) तयार झालेला नट. लायकचा लाचारपणा, मस्ती, आजार सगळं त्याच्या चालण्या-बसण्यातून कळतं. वरुण मात्र दाढी आणि गप्प राहण्यावर भागवतो. पंधरा वर्षांचा थकवा त्याच्या चालीत उतरत नाही. दोघं समोरासमोर आले की पारडं लायककडं कलतं, आणि सूडकथेत हे महागात पडतं. रघूचं दुःख मला सुरुवातीनंतर जाणवलंच नाही.

लातूरकर:
पारडं कलावं म्हणूनच सिनेमा तसा रचलाय. लायकनं तुला दुसरी संधी दिली, असं झिमली शेवटी रघूला सांगते. तेव्हा वरुण जवळपास काहीच करत नाही. तुम्ही त्याला कच्चेपणा म्हणाल, मला तो आतून संपलेला माणूस दिसतो. ‘जॉनी गद्दार’मध्ये (२००७) नायक म्हणून पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या नील नितीन मुकेशचा कोरा चेहरा राघवननं असाच वापरला होता.

नाट्यशास्त्र विभाग, संभाजीनगर:
तिथं ते चालतं, कारण तो पोरगा सगळ्यांपासून काहीतरी लपवायलाय. कोऱ्या चेहऱ्यामागं सतत भीती आहे. रघूला लपवायचं काय आहे? त्याचा राग तर सगळ्यांना माहीत आहे.