नवी सायकल घेताना पैसे कमी करून घ्यावेत की काम करून घ्यावं?

कोनपाना:
माझ्या मते किमतीवर घासाघीस करण्यापेक्षा जोडणीच्या कामावर अडून बसावं. सायकल दुकानात खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. पुढचं चाक, हँडल, सीट, पॅडल तिथेच लागतात. चाकांचा आउट (फिरताना चाक डावी-उजवीकडे डुलणं), हबचे कोन (चाकाच्या मध्यातले छर्रे धरून ठेवणारे भाग), ब्रेक, गिअरही तिथेच जुळवतात. घाई झाली की पहिला बळी डावं पॅडल. त्याचे आटे उलटे असतात. तिरकं बसवून पान्याने रेटलं की अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकचे (पॅडल ज्याला लागतं त्या दांड्याचे) आटे जातात, मग क्रँकच बदलावा लागतो.
म्हणून आउट काढून मागा आणि पहिली सर्व्हिस फुकट मागा. पहिल्या शे-दीडशे किलोमीटरमध्ये केबलची बाहेरची नळी दबून बसते, केबल सैल पडते आणि गिअर नीट पडेनासे होतात. स्पोकही जागेवर बसतात, त्यांचा ताण उतरतो. सर्व्हिसचं बिलावर लिहून घ्या, तोंडी नको.

चेनकव्हर:
अजिबात पटलं नाही. नीट जोडून देणं हे दुकानदाराचं कामच आहे, त्यासाठी सवलत का सोडायची? रोख सूट मोजता येते. ‘फुकट’ कुलूप, हेल्मेट छापील किमतीने तुमच्या नावे धरतात. दुकानदाराला ते बरंच स्वस्त पडलेलं असतं. आधी फक्त सायकलीचा आकडा पक्का करा, सामानाचं नंतर बोला. गेल्या वर्षीचं मॉडेल असेल आणि नव्यात रंगच काय तो बदलला असेल, तर सूट मागायला याहून भक्कम कारण नाही.

सीटपोस्ट:
जुन्या मॉडेलवर सूट असते ती बहुतेकदा उरलेल्या मापांवर. म्हणून आधी माप बघा. फ्रेमच्या आडव्या नळीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहा. साध्या रोड सायकलला नळी आणि जांघेमध्ये 2 ते 5 सेंटिमीटर जागा सुटली पाहिजे. फ्रेम बरोबर असून हात ताणले जात असतील तर 100 मिमीचा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) काढून 80 चा मागा. दुकानदाराला हे जड जात नाही, कारण उतरवलेला स्टेम कोराच असतो, विकता येतो. महिन्याभराने गेलात तर तोच जुना माल.

कोनपाना:
स्टेमचं मान्य. पण ‘कामच आहे’ म्हणून ते होतंच असं नाही, म्हणून पैसे देण्याआधी तपासा. चाक उचलून फिरवा. रिम आणि ब्रेक शूमधली फट कमी-जास्त होत असेल तर आउट आहे. रिम धरून आडवं हलवा. खटखट जाणवली तर कोन सैल, चाक अडखळत थांबलं तर कोन घट्ट. घट्ट कोन जास्त वाईट, छर्रे आणि कोन दोन्ही खातो.

चेनकव्हर:
डिस्क ब्रेक असेल तर शू नसतात, तिथे फ्रेमला पेन टेकवून रिमकडे बघा. पण यात काही निघालं तर ते दुरुस्त करून घ्यायचं, सूट सोडायची नाही. बिलावर फ्रेम नंबरही लिहून घ्या, बहुतेक सायकलींना तो फ्रेमवर, क्रँक बसतो तिथे खालच्या बाजूला कोरलेला असतो. फ्रेमची वॉरंटी मागताना तोच विचारतात.