कॅप्सेसिनमुळे फॅट आणि कोलेस्टेरॉल शोषलंच जात नाही म्हणे, खरंय का?

बिनसाखरेचा
एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 162 आलंय. डॉक्टर म्हणाले गोळी लगेच नको, आधी खाणंपिणं आणि व्यायामाचं बघा. तेवढ्यात ग्रुपवर मेसेज आला की मिरचीतलं कॅप्सेसिन पोटात गेलं की फॅट शोषलंच जात नाही, सगळं बाहेर पडतं. कॅप्सूल पण मिळतात. कोणी घेतंय का?

पित्तप्रकृती
बाहेर पडत असतं तर मेसेजची गरजच नव्हती, संडासात कळलं असतं 😄
खाल्लेल्या फॅटपैकी साधारण 95 टक्के आपण शोषतोच, पित्त त्याचे बारीक थेंब करतं, लायपेज हे एन्झाइम ते तोडतं आणि मग आतड्याच्या पेशी उचलतात. ऑर्लिस्टॅट हे औषध त्या लायपेजलाच अडवतं तरी 30 टक्क्यांच्या आसपासच फॅट निसटतं आणि तेवढ्यानेसुद्धा तेलकट जुलाब लागतात. तिखट खाऊन असं कोणाला होतं? जळजळ होते ती वेगळी, ती टीआरपीव्ही1 या रिसेप्टरमुळे, त्याला गरम आणि तिखट दोन्ही सारखंच वाटतं. फॅट शोषण्याशी त्याचा संबंध नाही.

लॅबमधली
फॅटचं पटलं, पण कोलेस्टेरॉल वेगळं प्रकरण आहे हां. लिव्हर कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं आणि त्यातली बहुतेक आतड्यातून परत येतात. जास्त बाहेर गेली की नवीन बनवायला लिव्हर रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. हॅमस्टरना कोलेस्टेरॉल घातलेल्या खाद्याबरोबर कॅप्सेसिनॉइड (कॅप्सेसिन आणि त्याचे भाऊबंद) दिली तेव्हा नेमकं हेच दिसलं, शौचातून पित्ताम्लं जास्त गेली आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरलं. मेसेजचं मूळ बहुतेक इथेच असावं. पण माणसांवरचे प्रयोग छोटे आहेत आणि निकाल एकसारखे नाहीत, त्यावर भरवसा ठेवून कॅप्सूल घ्यावी असं मला तरी वाटत नाही.

बिनसाखरेचा
ओके. अजून एक, त्याच मेसेजमध्ये काळी मिरीपण होती, तीही हेच करते का?

पित्तप्रकृती
मिरीत कॅप्सेसिन नसतं, पायपरिन असतं, आणि ते बऱ्याचदा उलटंच वागतं. 1998 च्या एका अभ्यासात पायपरिनबरोबर दिल्यावर हळदीतलं कर्क्युमिन माणसांच्या रक्तात 20 पट पोचलं होतं. काही औषधं मोडणारं सीवायपी3ए4 हे एन्झाइम पायपरिन मंदावतं, आणि सिमवास्टॅटिन, अटोरवास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची औषधं (स्टॅटिन) त्याच वाटेने मोडतात. जेवणातल्या चिमूटभर मिरीचं टेन्शन नको, पण पायपरिनची गोळी चालू असेल तर स्टॅटिन सुरू होण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाल.

लॅबमधली
पित्ताम्लं बाहेर काढायचीच असतील तर विरघळणारा फायबर वाढव, तो ती धरून ठेवतो आणि त्याचे पुरावे माणसांवरचे आहेत. एलडीएल थोडंच उतरतं, पण उतरतं. तिखट आवडीने खा की, कोण नको म्हणतंय, फक्त ॲसिडिटी असेल तर जपून.

बिनसाखरेचा
ॲसिडिटी आहेच 😐 कॅप्सूल कॅन्सल.