अपघाती मृत्यू आणि शेरीफची फिरकी: हसायचं की नाही?

पायरीवरचा:
बिल क्रायडर यांची शेरीफ डॅन ऱ्होड्स ही रहस्यकथांची मालिका परत वाचायला काढली आहे. (शेरीफ म्हणजे मुंबईचा मानाचा नगरपाल नव्हे. टेक्सासचा शेरीफ दर ४ वर्षांनी मतं मागून निवडून येतो आणि काउंटीचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचे, पोलीस सांभाळतो.) पहिलं पुस्तक १९८६चं, शेवटचं लेखक गेल्यावर २०१९मध्ये आलं. कथा घडतात ती ब्लॅकलिन काउंटी काल्पनिक, पण ओस पडलेली बाजारपेठ आणि रानडुकरांचा उच्छाद अगदी ओळखीचा.

माझं मत : रहस्यकथेत विनोद असाच हवा. इथे मयताची चेष्टा नाही. चेष्टा होते ती कचेरीतल्या दोन म्हाताऱ्यांची, फोन घेणारा हॅक आणि कोठडी सांभाळणारा लॉटन. "काय झालं?" असं शेरीफने विचारलं की सरळ उत्तर मिळणारच नाही. आधी सांगायचं कुणी यावर तंटा, मग कुत्रं कुणाचं, कुंपण कुणाचं, आणि चार पानांनी कळतं की माणूस मेलाय. आपल्या पारावर बातमी अशीच तर पोचते!

निवृत्त ठाणेदार:
साफ असहमत. तालुक्याच्या ठाण्यांत नोकरी गेली माझी. विहिरीतून बाई काढायची, सासरचे म्हणणार "पाणी शेंदताना पाय घसरला", आपण एडी (अपघाती मृत्यूची नोंद) दाखल करायची आणि माहेरच्यांच्या डोळ्यांत बघायचं टाळायचं. सहा जणांचे जबाब शब्दन् शब्द जुळले की माझ्या पोटात गोळा यायचा. असल्या विषयावर चार पानं फिरक्या? तोवर पावसाने पाऊलखुणा धुऊन नेल्या असत्या. हॅक आणि लॉटन माझ्याकडे असते तर दुसऱ्या दिवशी बदली.

शेंगदाणा:
एवढ्याशा काउंटीत वीसहून जास्त पुस्तकं, म्हणजे खून किती मोजा. मतदार उरले कुठे याला निवडून द्यायला?

ह्यूस्टनची वहिनी:
शेंगदाणा, टेक्सासातल्या लव्हिंग काउंटीत २०२०च्या जनगणनेत माणसं होती ६४. तिथेही शेरीफ आहेच!

पण ठाणेदारसाहेब, इथली खरी गोम वेगळीच आहे. राज्यात २५४ काउंट्या, आणि बहुतेकींत सरकारी मृत्युपरीक्षक डॉक्टर नाही. मृत्यू अपघाती की संशयास्पद हे ठरवतो 'जस्टिस ऑफ द पीस' (खालच्या कोर्टाचा न्यायाधीश), तोही निवडून आलेला. तो डॉक्टर सोडा, वकीलही असावा लागत नाही. शवविच्छेदन हवं तर मृतदेह दुसरीकडे पाठवायचा आणि बिल काउंटीने भरायचं. खर्च बघून "अपघात" लिहायचा मोह किती होत असेल बघा. एका पुस्तकात जुनं नाट्यगृह दुरुस्त करायला निघालेला श्रीमंत माणूस तिथेच पडून मेलेला सापडतो. 'पडला' म्हटलं की सगळे मोकळे. एरवी सगळ्यांचं ऐकून घेणारा ऱ्होड्स तिथे मात्र हटून बसतो. मला ते हसण्यावारी नेणं वाटत नाही. उलट हसता हसता त्या यंत्रणेतलं भोक दिसतं.

निवृत्त ठाणेदार:
वहिनी, भोक दिसून वाचक करतो काय? पान उलटतो. माहेरच्यांना पान उलटता येत नाही.

पायरीवरचा:
ठाणेदार, हे लागलं. विहिरीच्या प्रसंगावर विनोद नकोच, तिथे मी तुमच्या बाजूला. पण तुम्हीच म्हणालात ना, जुळणारे जबाब खोटे असतात म्हणून? हॅक आणि लॉटनचं एकही वाक्य एकमेकांशी जुळत नाही. एक म्हणतो कुत्रं काळं, दुसरा म्हणतो कुत्रंच नव्हतं. म्हणून तर शेरीफ वैतागूनही त्यांचं शेवटपर्यंत ऐकतो. संशय घ्यायचा तो गुळगुळीत बोलणाऱ्यावर. मला तर ही फिरकी म्हणजे तपासाचाच भाग वाटते.

निवृत्त ठाणेदार:
हं. हा मुद्दा डोक्यात आला नव्हता. पुस्तक द्या पाठवून, वाचतो.
बदली मात्र केलीच असती.