मूळ चित्रण जपा

माजी सैनिकांच्या युद्धातल्या आठवणींवरच्या तासाभराच्या माहितीपटात प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच मिनिटंच येतात, हा मुद्दा मला अगदी पटतो. म्हणूनच त्यांच्या मुलाखतींचं न कापलेलं मूळ चित्रण जपणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा युद्धातल्या आठवणी जमवणारा प्रकल्प २००० साली सुरू झाला. तिथे मुलाखत किमान ३० मिनिटांची आणि संपादन न केलेली लागते. योग्यच आहे ते. सैनिकाच्या हातात त्याचा जुना फोटो द्या, कॅमेरा चालू ठेवा आणि पुढचा प्रश्न विचारायची घाई करू नका. बोट एका चेहऱ्यावर थांबतं, बराच वेळ शब्द फुटत नाही, मग त्या मित्राचं नाव येतं. संकलनात नेमकी हीच शांतता आधी उडते. आणि हो, फोटोतल्या सगळ्यांची नावं, तुकडी, ठिकाण त्याच बैठकीत लिहून घ्या.