सान्निध्य, सोबत की पाठीशी?

प्रश्न
मैत्रीण लांबलेल्या आजारपणात आहे, भेटायला कुणाला सोडत नाहीत. पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले: 'या एकांतात तुला देवाचं सानिध्य लाभो.' लग्नपत्रिकेतलं वाटतंय. एकांत बरोबर आहे का? आणि सानिध्यऐवजी काय लिहू?

प्रतिसाद १
आधी शुद्धलेखन: 'सान्निध्य', न दोनदा. 'सन्निधी'पासून आलाय, अर्थ जवळ असणं.

एकांत मात्र काढाच. एकांत माणूस शोधतो. तुकोबा 'येणें सुखें रुचे एकांताचा वास' म्हणतात, त्यातलं 'रुचे' बघा. एकाकीपणा कुणाला रुचत नाही, तो वाट्याला येतो. सक्तीने एकट्या पडलेल्या माणसाला 'एकांत' म्हणणं म्हणजे तिच्या दुःखाला परस्पर छान नाव देऊन मोकळं होणं.

प्रतिसाद २
गंमत म्हणजे 'कैवल्य' हा मोक्षवाचक शब्द 'केवल'पासून आलाय, म्हणजे मुळात एकटेपणच. पण पत्रात नको, फार जड होईल.

'सोबत' घ्या. मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडे आला, आणि आता इतका घरचा झालाय की देवालाही चालतो. किंवा 'सांगाती'. याचा संबंध 'सांगणे'शी जोडू नका, तो चूक. 'सांगात' म्हणजे संगत, सोबत. 'जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती' याच्या पुढचंच 'चालविसी हातीं धरूनियां' वाचलं की अर्थ आपोआप कळतो. हा सांगाती काही सांगत नाही, हात धरून चालवतो.

प्रश्नकर्ती
सांगाती आवडला. पण तिचं दुखणं वेगळंच आहे. 'इतका धावा केला, देव दिसत नाही,' असं म्हणते.

प्रतिसाद ३
मग 'साक्षात', 'दर्शन', 'प्रचिती' यांच्या वाटेला जाऊ नका. 'साक्षात'मध्ये तर 'अक्ष' म्हणजे डोळाच बसलाय. त्याऐवजी संकटात आपण सहज काय बोलतो ते आठवा: देव पाठीशी आहे. पाठीराखा. समोर आहे असं कुणी म्हणत नाही. पाठीमागचा माणूस दिसत नाहीच. मराठीने त्याला नेमका नजर पोचत नाही तिथे उभा केलाय.

'धावा'ही तसाच. हाक मारणारा अंथरुणाला खिळलेला असतो, धावायचं असतं ते ऐकणाऱ्याने. तरी हाकेचं नाव धावा! ती हाक मारतेय एवढंही या शब्दाला पुरतं. (ही व्युत्पत्ती नव्हे, माझं वाचन.)

प्रश्नकर्ती
लिहिलं: 'तो पाठीशी आहे, म्हणून दिसत नाही गं.'

प्रतिसाद १
'म्हणून' खटकतंय. त्याने कारण दिल्यासारखं होतं, आणि आजारी माणसाला कारणं नको असतात. तुम्हाला तरी ते कारण कुठे माहीत आहे?

प्रश्नकर्ती
खरंय. काढलं. आता एवढंच: 'पाठीशी आहे गं तो. दिसला नाही तरी. आणि मीही आहे.' दोन न वाल्या शब्दाची गरजच उरली नाही.