अँटिबायोटिकनंतर जिभेवर पांढरा थर का?

प्रश्न: आईचा अँटिबायोटिकचा कोर्स नुकताच संपला. आता जिभेवर दह्यासारखा थर आलाय, पुसला की खाली लालबुंद. जंतू मारायचं औषध घेऊनही हे कसं?

उत्तर: बहुधा कँडिडा, म्हणजे बुरशी. ती निरोगी तोंडातही असते, पण बॅक्टेरिया तिला वाढू देत नाहीत. औषधाने तेच मेले की तिला रान मोकळं. पेनिसिलिनसारखी औषधं बॅक्टेरियाची पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीची भिंत, बनू देत नाहीत; बुरशीची भित्तिका कायटिन-ग्लुकान या वेगळ्या पदार्थांची, तिथे ही औषधं निरुपयोगी. डॉक्टरांना दाखवाच, बुरशीचं औषध वेगळं असतं.

उत्तर: आणि पेनिसिलिन मुळात बुरशीचंच! १९२८ मध्ये शास्त्रज्ञ फ्लेमिंगना दिसलं, बुरशीभोवतीचे बॅक्टेरिया विरघळलेत. मातीत ही चढाओढ अखंड चालू असते.

प्रश्नकर्ती: धन्यवाद. उद्याच दाखवते. तिला गिळतानाही दुखतंय, तेही सांगेन.